शब्दचर्चा: पोकरच्या ‘लो डिनॉमिनेशन’ चिपला मराठीत काय म्हणावे?

घरी खेळण्यासाठी पोकरचा, म्हणजे पैजेत पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचा (चिपांचा), संच खास बनवून घेतो आहे. चिपांवरची नक्षी, रंग, आकडे सगळे हवे तसे छापून मिळते, म्हणून सोबत पानभर नियम मराठीत लिहून ठेवायचे ठरवले. लिहायला बसल्यावर पहिला अडथळा आला तो संचातल्या सगळ्यात खालच्या चिपांचा. खेळणारे त्यांना ‘लो डिनॉमिनेशन’ म्हणतात, एकाहून कमी मूल्याच्या असतील तर नुसते ‘फ्रॅक्स’. मला सुचलेले शब्द: छोट्या चिपा, हलक्या चिपा, कमी किमतीच्या चिपा. तिन्ही कानाला बरे वाटतात, पण वाचणाऱ्याला नेमका अर्थ कळेल का?

दुसरा प्रश्न शब्दाचा नाही, पण त्याला चिकटूनच आहे. ब्लाइंड म्हणजे पाने बघण्याआधीच दोघांना सक्तीने भरावी लागणारी पैज. आमचा खेळ पाव-अर्धा ब्लाइंडचा असतो, म्हणजे स्मॉल (लहान) ब्लाइंड पाव आणि बिग (मोठा) ब्लाइंड अर्धा. सर्वात खालची चिप पावाची ठेवावी, दहा शतांशाची की अर्ध्याची? आठ जण बसतात. शब्द आणि निवड, दोन्हींबद्दल जाणकारांनी लिहावे.

— तिन्ही शब्द नकोत —

तिन्ही विशेषणे चिपेच्या बाबतीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहेत.

‘छोटी’ म्हटले की आकार डोळ्यांसमोर येतो. नेहमीच्या चिपेचा व्यास ३९ मिलिमीटर असतो. ४३ मिलिमीटरच्या मोठ्या चिपाही मिळतात, आणि त्या बहुधा वरच्या मूल्यांसाठी घेतात. मग पत्रकातली ‘छोटी चिप’ म्हणजे ३९ची की पावाची?

‘हलकी’ शब्दाने तर फारच घोळ होईल, कारण चिप घेताना वजनाची चर्चा सर्वात आधी होते. कॅसिनोतल्या मातीच्या मिश्रणाच्या चिपा साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात. सिरॅमिकच्या दहाच्या आसपास. पोटात धातूची चकती घातलेल्या प्लास्टिकच्या साडेतेरा-चौदा ग्रॅमपर्यंत जातात. शिवाय मराठीत ‘हलके’ म्हणजे निकृष्ट असाही अर्थ आहे. ‘हलक्या चिपा मागवल्या’ हे वाक्य एखाद्याने तक्रार म्हणून वाचले तर त्याचा दोष नाही.

‘कमी किमतीची’ म्हणजे विकत घ्यायला स्वस्त. प्रत्यक्षात पावाची असो वा शंभराची, त्याच प्रकारची चिप बनवायला खर्च तेवढाच येतो. छापलेला आकडा तेवढा वेगळा.

म्हणून निदान लिखाणात किंमत आणि मूल्य वेगळे ठेवा. वर्तमानपत्रांत नोटांसाठी ‘मूल्यवर्ग’ शब्द रुळला आहे: अमुक मूल्यवर्गाच्या नोटा. पत्रकातल्या तक्त्याच्या शीर्षकाला तो चालेल. बोलताना मात्र कोणी ‘जरा खालच्या मूल्यवर्गातली सरकव’ म्हणणार नाही.

— मोड, सुटे, खुर्दा आणि बंदे —

मूल्यवर्ग बरोबर आहे, पण तो मोजणाऱ्याचा शब्द झाला. हाताळणाऱ्याचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, आणि ते एकमेकांची नक्कल नाहीत.

सुटे म्हणजे मोकळी, लहान नाणी. मोड म्हणजे मोठ्या नाण्याच्या बदल्यात मिळणारी तेवढ्याच मोलाची लहान नाणी. ‘शंभराची मोड आहे का’ यात देवघेव आहे. ‘सुटे आहेत का’ यात फक्त असणे-नसणे आहे. चिल्लरमध्ये किरकोळपणाची छटा येते, म्हणून नियम लिहिताना मी तो शब्द टाळीन. खुर्दा हा फारसीतून आलेला, म्हणजे मुळात बारीक, फुटकळ. पानिपतच्या १७६१च्या पराभवाची सांकेतिक बातमी आठवा: दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तिथे खुर्दा सगळ्यात शेवटी येतो, कारण तो मोजायचा नसतो.

पोकरमध्ये खुर्दा मोजावा लागतो. तरीही खालच्या चिपेचे काम पाहिले तर ते ‘मोड’ या शब्दाच्या सर्वात जवळ जाते. ती जिंकण्यासाठी नसतेच. पैज नेमक्या आकड्याची लावता यावी आणि ब्लाइंड भरता यावा, यासाठी ती संचात असते.

आणि ‘बंदा’ विसरू नका. बंदा रुपया म्हणजे न मोडलेला, अख्खा रुपया. खेळात रात्र चढत जाते तशा लहान चिपा गोळा करून मोठ्या देतात. त्याला इंग्रजीत ‘कलर अप’ म्हणतात. मराठीत सरळ ‘बंदे करून घेणे’ म्हणावे. ‘माझ्याकडचे सुटे घे आणि बंदे दे’ हे वाक्य टेबलावर कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

रचून ठेवलेल्या चिपांना ‘चळत’ म्हणा. नाण्यांची चळत असते तशीच वीस-वीस चिपांची चळत. ‘ढीग’ म्हणू नका, कारण ढीग अस्ताव्यस्त असतो आणि पोकरमध्ये समोरच्याला तुमच्या चिपा मोजता येतील अशा रचणे हा शिष्टाचाराचा भाग आहे.

— निवडीबद्दल: आधी ब्लाइंड बघा —

मोड हाच धागा धरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. सर्वात खालची चिप स्मॉल ब्लाइंडएवढी ठेवा. तुमच्या खेळात ती पाव. त्याखाली काहीही नको, कारण पावाखालची पैज कोणी लावणारच नाही.

वरच्या चिपा चौपट किंवा पाचपट अंतराने ठेवा: पाव, एक, पाच, पंचवीस. खरा हिशेब इथे आहे. पावाच्या चार चिपा झाल्या की एक होतो. म्हणजे कुठलीही नेमकी पैज लावताना पावाच्या जास्तीत जास्त तीनच चिपा लागतात, चौथीच्या जागी एकाची येते. पावणेदोनची पैज असेल तर एकाची एक आणि पावाच्या तीन. आता हेच दहा शतांशाची चिप ठेवून, वर थेट एकाची ठेवून करून बघा: नव्वद शतांश लावायला नऊ चिपा सरकवाव्या लागतील. पॉट (मधे जमणाऱ्या पैजा) दर डावाला लहान चिपांनी भरणार आणि वाटणाऱ्याचा वेळ मोजण्यात जाणार.

दहा शतांश आणि पाव एकाच संचात ठेवण्याचा मोह तर मुळीच नको. पंचवीसला दहाने भाग जात नाही. कोणी पावाची चिप देऊन मोड मागितली तर दोन दहाच्या देऊन पाच उरतात, आणि पाचाची चिप तुमच्याकडे नसते. पाच शतांशाची आणि पावाची मात्र छान जमते, पाचपट. पुढे कधी पाच-दहा शतांशाचा छोटा खेळ मांडायचा असेल तर पाचाच्या चिपा वेगळ्या मागवा, आणि पाव-अर्ध्याच्या खेळात त्या डब्यातच राहू द्या.

अर्ध्याची चिप? माझ्या मते नको. पाव आणि एक यांच्यामध्ये ती दुपटीचीच पायरी घालते. एक जास्तीचा रंग ओळखत बसायचा, आणि वाचते फार तर एकच चिप.

संख्येचा हिशेब असा. खेळात उतरताना बिग ब्लाइंडच्या शंभरपट घेतात असे धरले तर एकेकाला पन्नास. पावाच्या १२ म्हणजे तीन, एकाच्या १७ म्हणजे सतरा, पाचाच्या ६ म्हणजे तीस. झाले पन्नास. आठ जणांना पावाच्या ९६ लागतात. चिपांच्या ट्रेमध्ये वीस-वीसच्या पाच चळती, म्हणजे शंभर बसतात. तेव्हा पावाचा एक ट्रे पुरे, चार चिपा हरवण्यासाठी शिल्लक. पुन्हा पैसे घालून बसणाऱ्याला पाचाच्या आणि पंचविसाच्याच द्या, पाव नव्याने टेबलावर आणू नका. सगळ्यांची मिळून मोड तेवढीच राहते आणि पुरतेही. एकाच्या मात्र १३६वर थांबू नका, दोनशे घ्या. हातातून सर्वात जास्त त्याच जातात.

— पावली! —

शब्द शोधायला इतके लांब कशाला जायचे? पंचवीस शतांशाच्या चिपेला मराठीत तयार नाव आहे: पावली. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा चार आण्यांचे नाणे पावली, दोन आण्यांचे चवली आणि आठ आण्यांचे अधेली. १९५७ साली दशमान पैसे आले तरी पावाचा भाग पावच राहिला. ‘चवली-पावली’ ही जोडी अजून बोलण्यात आहे. ‘पावली टाक’ म्हटल्यावर खेळणाऱ्याला स्मॉल ब्लाइंड भरायचा आहे हे लगेच कळेल.

संच खास बनवूनच घेत आहात तर चिपेवर आकडाही आपल्या पद्धतीने छापता येईल. जुन्या मराठी हिशेबात पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन: ३। म्हणजे सव्वातीन, ४॥ म्हणजे साडेचार. पावलीच्या मधोमध एक सुबक उभी रेघ फार देखणी दिसेल असे मला मनापासून वाटते.

— रेघ देखणी, पण धोक्याची —

पावली शब्दाला पूर्ण पाठिंबा. रेघेला नाही. टेबलापलीकडून एकटी उभी रेघ इंग्रजी 1 सारखी वाचली जाते, आणि तुमच्या संचात खरोखरच एकाची चिप आहे. रेघ हवीच असेल तर आधी शून्य घाला, ०। असे. त्याहून बरे म्हणजे अक्षरांत ‘पाव’.

नुसते २५ तर कधीच छापू नका. पंचविसाच्या चिपेवरही २५ असणार. एक चिप दुसरीच्या शंभरपट मोलाची आणि आकडा मात्र तोच. यावरून भांडण झाले तर दोष छापणाऱ्याचा राहील.

रंगाबद्दल थोडे. अमेरिकी कॅसिनोंमुळे पांढरी एकाची, लाल पाचाची, हिरवी पंचविसाची, काळी शंभराची ही सवय बऱ्याच ठिकाणी पसरली आहे. एकाहून खालच्या चिपांना मात्र असा ठरलेला रंग नाही, तिथे तुम्ही मोकळे आहात. हिरव्याची कुठलीही छटा पावलीला देऊ नका. फिका रंगही नको, कारण ब्लाइंडमुळे ही चिप दर डावात हाताळली जाते आणि फिकी चिप लवकर मळकी दिसते. गडद पिवळा किंवा नारिंगी चांगला.

चळत रचली की चिपेचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त कड. म्हणून कडेवरचे पट्टे नीट निवडा. पाचाच्या चळतीत एक पावली चुकून शिरली तर ती समोर बसलेल्याला दिसली पाहिजे. मागवण्याआधी नमुन्याच्या चिपा आणा, वेगवेगळ्या चळती लावा आणि कडेचा फोटो कृष्णधवल करून बघा. त्यातही चिपा वेगळ्या ओळखू आल्या तर मंद दिव्यात आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या गड्यालाही त्या ओळखू येतील. सिरॅमिकच्या चिपेवर कडेलाही छपाई होते. लेबल चिकटवलेल्या चिपांत कडेचा रंग साच्यातूनच ठरून येतो, तिथे निवड कमी. जाडी सगळ्यांची एकच आहे ना हेही बघून घ्या, नाहीतर दोन चळती शेजारी ठेवून उंचीने ताडून पाहता येत नाहीत.

— धागाकर्त्याचे —

सर्वांचे मनापासून आभार. शब्द ठरले: शीर्षकात मूल्यवर्ग, टेबलावर पावली, देवघेवीला मोड, वर चढवताना बंदे. चिपेवर अक्षरांत ‘पाव’, रंग नारिंगी. अर्ध्याची रद्द केली.

एक राहिले. कधीतरी टूर्नामेंटही खेळतो. तिथे पावली चालेल का? आणि बंदे करताना उरलेल्या सुट्यांचे काय करायचे?

— टूर्नामेंटला वेगळ्या चिपा —

पावली तिथे नको. टूर्नामेंटच्या चिपांवरचे आकडे गुणांसारखे असतात, पैशांसारखे नाहीत. सर्वात खालची चिप बहुधा २५ची असते, वर १००, ५००, १०००. पैशांच्या चिपा आणि या चिपा एकत्र होऊ देऊ नयेत, नक्षीच वेगळी घ्या.

ब्लाइंड १००-२०० झाले आणि २५ची गरज संपली की त्या बंद्या करायच्या. एखाद्याकडे सात असतील तर चारांची एक शंभराची मिळते, तीन उरतात. उरलेल्यांसाठी ‘चिप रेस’ आहे: प्रत्येक उरलेल्या चिपेमागे एक पान उघडे वाटायचे. टेबलावरच्या सगळ्या उरलेल्या चिपा मिळून जितक्या शंभराच्या होतात तितक्या सर्वात मोठ्या पानापासून देत जायचे, पण एका खेळाडूला एकच. पानाची बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम. आणि पत्रकात हे ठळक लिहा: चिप रेसमध्ये कोणी बाद होत नाही. ज्याची शेवटची चिप जाणार असेल त्याला खेळात उरलेली सर्वात लहान चिप द्यायची. घरच्या खेळात एवढे नको असेल तर प्रत्येकाच्या उरलेल्या सुट्यांना एकेक शंभराची देऊन टाका, बिघडत काही नाही.

— अनेकवचन —

पत्रकात ‘बारा पावली’ लिहू नका, ‘बारा पावल्या’ लिहा. चवल्या-पावल्या तसेच. आणि ‘चिपा’ की ‘चिप्स’? मी चिपा म्हणेन. चिप्स म्हटले की बटाट्याचे आठवतात, आणि टेबलावर तेही असतातच.