प्रति: ‘मॅन सीडी’ला उत्तर का नाही?
उबुंटू या लिनक्सवर ‘मॅन सीडी’ला (‘मॅन’ म्हणजे आदेशाची माहितीपुस्तिका उघडणारा आदेश, ‘सीडी’ म्हणजे फोल्डर बदलणारा) नोंद सापडत नाही, कारण ‘सीडी’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही, तो बॅशच्या, म्हणजे आपले टाइप केलेले आदेश चालवणाऱ्या शेलच्या, पोटातला आदेश आहे. आधी ‘टाइप सीडी’ करून पाहा. उत्तरात ‘बिल्टइन’ आलं तर ‘हेल्प सीडी’ लिहायचं, मॅन नाही. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये मात्र हे ‘हेल्प’ आपसूक मिळत नाही.

खरा वैताग मदत मिळेल म्हणून आदेशापुढे लिहिलेल्या ‘-एच’चा आहे. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या ‘डीयू’ आणि ‘डीएफ’मध्ये त्याचा अर्थ आकडे वाचता येतील असे दाखव, फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’मध्ये फाइलचं नाव गाळ. आणि ‘शटडाउन -एच’? सिस्टमडी (मशीन सुरू-बंद सांभाळणारी प्रणाली) असलेल्या लिनक्सवर, अधिकार असतील तर, मिनिटभरात मशीन बंद! (चुकून झालंच तर लगेच ‘शटडाउन -सी’.) त्यामुळे अनोळखी आदेशाला पूर्ण ‘--हेल्प’च द्यावं.

दुसरी खोड: काही आदेशांचा मदतीचा मजकूर ‘लेस’कडे (पानापानाने दाखवणाऱ्या आदेशाकडे) पाइप केला, म्हणजे | चिन्हाने पुढे धाडला, तरी सरसर वर निघून जातो. तो एररच्या प्रवाहात छापलेला असतो, पाइपमधून फक्त नेहमीचा आउटपुट जातो. पाइपच्या आधी 2>&1 जोडा. जावाने तर कमाल केली आहे: ‘-हेल्प’ एररमध्ये, ‘--हेल्प’ आउटपुटमध्ये.

‘क्रॉनटॅब’ची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीची) वेळ कशी लिहायची हे शोधत असाल तर ‘मॅन 5 क्रॉनटॅब’, म्हणजे पुस्तिकेचा विभाग 5. नुसत्या ‘मॅन क्रॉनटॅब’ने विभाग 1 उघडतो, त्यात आदेशाचे पर्याय आहेत, वेळेच्या पाच रकान्यांची माहिती नाही.