वाचन मंडळात रोज एक साक्षात्कार: सोसायचं की बाहेरचा रस्ता दाखवायचा?

ओवीवेडा (धागाकर्ता)
आमचं ज्ञानेश्वरी वाचनाचं छोटं मंडळ आहे. दर गुरुवारी देवळाच्या सभामंडपात बसतो, बाहेरगावचे सभासद फोनवरून ऐकतात, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर शंका-समाधान. सहाव्या अध्यायापर्यंत सगळं सुरळीत होतं. कुंडलिनीच्या ओव्या सुरू झाल्या आणि एका गृहस्थांची कुंडलिनी जागी झाली. (पहिले पाच अध्याय ते स्वतःच झोपलेले असायचे, असं आमच्या पखवाजवाल्यांचं म्हणणं.)

तेव्हापासून पहाटे तीनला आवाजी संदेश येतात. "माउलींनी आज मला सांगितलं..." अशी सुरुवात. बायकांना मागचे जन्म सांगतात. निरूपण चालू असताना उभे राहून थरथरतात. कोणी थांबवलं की "इथे अहंकार फार" म्हणून निघून जातात, दोन दिवसांनी परत. मग पंधरवडाभर गायब, मग रडून क्षमा, मग पुन्हा पहाटेचे तीन. दोन कुटुंबांनी येणं बंद केलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे, काढून टाकावं. पण निम्मं मंडळ म्हणतं, देवाच्या दारातून माणूस हाकलणारे आपण कोण?

पैठणकर
काढू नका. तो यवन नाथांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले. शेवटी थुंकणाराच शरमला. परमार्थाच्या वाटेला लागायचं आणि एका माणसाची कटकट सोसवत नाही म्हणायचं, हे कसं? तुमच्या शांतीची परीक्षा घ्यायलाच तो आला असेल.

रोखठोक_आत्या
@पैठणकर, नाथ स्वतःच्या अंगावर सोसत होते. तुम्ही दुसऱ्यांना सोसायला सांगताय, त्यातही बायकांना.

माझ्या जुन्या सत्संगात असाच एक 'दृष्टी असलेला' होता. मला म्हणाला, मागच्या जन्मीचा आपला ऋणानुबंध आहे. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "भोळा आहे गं, मनावर घेऊ नकोस." मनावर नाही घेतलं, पायात चप्पल घेतली आणि घरी आले. तो भोळा अजून तिथेच पहिल्या रांगेत बसतो म्हणे. ओवीवेडा, येणं बंद केलेल्या त्या दोन कुटुंबांना कोणी फोन केला का? की सगळी करुणा थरथरणाऱ्यासाठीच राखून ठेवली आहे?

कोरडा_पाषाण
काढूही नका, सोसूही नका, दुर्लक्ष करा. पहिल्या साक्षात्काराला किती जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती, ते जरा मागे जाऊन बघा. हार तुम्हीच घातलेत, आता मान अवघडली म्हणून ओरडताय. बुद्धानेसुद्धा छन्न नावाच्या भिक्खूला हाच उपाय सांगितला होता, त्याच्याशी कोणी बोलू नये. ब्रह्मदंड म्हणतात त्याला.

अवांतर: पैसे मागायला लागले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

पाली_वाचक
छन्नाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो सिद्धार्थाचा जुना सारथी. 'बुद्ध माझा, धम्म माझा' ही घमेंड, कोणाचं ऐकायचं नाही. परिनिर्वाणापूर्वी बुद्धाने आपला शिष्य आनंद याला सांगितलं की छन्नाला ब्रह्मदंड द्या: त्याला हवं ते बोलू दे, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, उपदेश करू नये. इथवर बरोबर. पण छन्न तापट म्हणून आनंद पुष्कळ भिक्खूंना सोबत घेऊन कोसंबीला गेला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि दंड काय आहे ते तोंडावर सांगितलं. ऐकून छन्न बेशुद्ध पडला. पुढे एकांतात राहून साधना केली, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झाला आणि दंड आपोआप संपला. तुमचं दुर्लक्ष म्हणजे संदेश वाचायचा, उत्तर द्यायचं नाही आणि पाठीमागे दुसऱ्या गटात त्यावर हसायचं. दोन्हींना एकच नाव देऊ नका.

आणि ओवीवेडांच्या गृहस्थांना छन्नाचा नियम लागू होईलच असं नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गग्ग नावाचा भिक्खू आहे, मन ठिकाणावर नसलेला. उपोसथाची, म्हणजे संघाच्या पंधरवड्याच्या सभेची, कधी त्याला आठवण राही, कधी नाही. कधी येई, कधी येत नसे. संघाने रीतसर ठराव केला की गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ उपोसथ करील. त्याला दोष लावला नाही, संघातून काढलं नाही, आणि त्याच्यासाठी काम अडवूनही ठेवलं नाही. मला हा ठराव सगळ्यात शहाणा वाटतो. त्याची कुंडलिनी खरी की खोटी, याचा निवाडा मंडळाने करायचं कारणच उरत नाही. गुरुवारी सात वाजले की वाचन सुरू, मधे कोणी उठलं तरी वाचणाऱ्याने ओवी सोडायची नाही.

टाळकरी_कराडचा
माउलींच्या पालखीत यावर रीत आहे. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग तिथे जाऊन तक्रार ऐकतात, मार्ग काढतात, त्यानंतर आरती. म्हणजे गाऱ्हाण्याला जागा ठरलेली आणि वेळही. वाटचालीत वाटेल तेव्हा नाही. त्या गृहस्थांनाही वाचनानंतर दहा मिनिटं द्या. पहाटेचे संदेश बंद, मागचे जन्म बंद.

रोखठोक_आत्या
दहा मिनिटं माझ्याकडूनही मंजूर. मागचे जन्म पहिल्यांदा सांगितले की समज, दुसऱ्यांदा घरी. गग्गाने बायकांचे पूर्वजन्म काढले असते तर ठराव वेगळा झाला असता.

ओवीवेडा
चर्चा आवडली, पण कालपासून प्रकरण वेगळ्या वळणावर आहे. रात्रीत लागोपाठ संदेश आले. शेवटचा असा: "तुम्हा कोणाला माझी किंमत नाही. आता समाधीच घेतो." मंडळात दोघे म्हणाले, लक्ष वेधण्याची ही नवी तऱ्हा. मलाही तसंच वाटतंय.

ओपीडीतली
मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. आतापर्यंत नुसती वाचत होते, पण हे वाचून गप्प बसवेना.

'समाधी घेतो' हे वाक्य नाटक म्हणून सोडून द्यायचं नसतं. लक्ष वेधण्यासाठी म्हणणारी माणसंही जिवाचं बरंवाईट करतात. आज कोणीतरी, शक्यतो ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे त्याने, घरी जावं. सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, हा गैरसमज आहे. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका आणि घरच्यांना घेऊन आजच डॉक्टर गाठा. धोका समोर दिसत असेल तर ११२. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

दुसरं. पहाटे तीनला जागे आहेत, ठीक. पण झोप न होताही थकवा नाही, बोलणं सुसाट, आपल्याला खास निवडलंय ही खात्री, आणि मग पंधरा दिवस अंधार: हे चक्र आजाराचं असू शकतं. निदान मी इथून करणार नाही, तुम्हीही करू नका. मात्र अशा माणसाला जागरण आणि कडक उपास सोसत नाहीत, झोप तुटली की झटका वाढतो. त्यांना काकड्याला बोलावत असाल तर थांबवा.

पैठणकर
म्हणजे प्रत्येक उत्कट भक्ताला रुग्ण ठरवायचं? तुकोबांनाही लोकांनी वेड्यातच काढलं होतं.

ओपीडीतली
पैठणकर काका, तुकोबांना झोप लागत होती का हे मला माहीत नाही. या गृहस्थांना लागत नाहीये. औषध घेऊन हरिपाठ म्हणणारे कितीतरी जण मी रोज बघते, गोळीने कोणाची भक्ती गेलेली पाहिली नाही.

कोरडा_पाषाण
दुर्लक्षाचा सल्ला या प्रसंगापुरता मागे. आधी जाऊन या. काढायचं की नाही हे नंतर ठरवा.

ओवीवेडा
त्यांचे धाकटे भाऊ जवळच राहतात. पण घराणं मानी आहे. "आमच्यात कोणी वेडं नाही" म्हणून ते दार लावून घेतील.

रोखठोक_आत्या
लावू देत. तुम्ही निघा. पखवाजवाल्यांना सोबत न्या, पण तो झोपेचा विनोद तिथे करू नका म्हणावं.