मदत हवी आहे: निवृत्तीनंतर बेळगावात घर, टिळकवाडी की नेहरूनगर?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरातील एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले असून, यजमानांसह कायमचे बेळगावला येऊन राहण्याचा विचार आहे. माझे माहेर खानापूर तालुक्यातले आणि पदवीचे शिक्षण आरपीडी कॉलेजात झालेले, त्यामुळे गाव परके नाही. मात्र तेव्हाचे बेळगाव आणि आजचे बेळगाव यांत बराच फरक पडला आहे, म्हणून तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांना विचारावेसे वाटते.

टिळकवाडीत आरपीडी क्रॉसपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुने बैठे घर विकाऊ आहे. वर नंतर बांधलेल्या दोन खोल्या असून त्यांचा जिना बाहेरून आहे. सध्या तिथे विद्यार्थी राहतात. आम्ही गेलो तेव्हा फाटकाच्या आत दुचाक्या दाटीने लावलेल्या होत्या आणि फाटकाच्या गजांना मेसचे रिकामे डबे अडकवलेले होते. यजमानांना ते पाहूनच धसका बसला. मला मात्र घरात तरुण मुलांचा वावर असणे सोयीचे वाटते. मुलगी पुण्याला असते आणि रात्रीबेरात्री काही झाले तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. प्रश्न असा आहे की विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, परीक्षा संपल्या की गावी जातात आणि ऐन मे महिन्यात घर रिकामे पडते. अशा भाडेकरूंवर म्हाताऱ्या माणसांनी कितपत विसंबावे?

दुसरा पर्याय नेहरूनगरमधील फ्लॅटचा आहे. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय तिथून जवळ, लिफ्टची सोय, आणि यजमानांचे डॉक्टरही त्याच भागातले. पण माझे सारे नातेवाईक टिळकवाडी आणि शहापूर भागात आहेत, आणि 1848 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय व तिथली मराठी माणसांची ऊठबस हेच बेळगावला येण्याचे निम्मे कारण आहे. दवाखाना उत्तरेला आणि गोतावळा दक्षिणेला, अशी अडचण झाली आहे. मच्छेजवळ विद्यापीठाच्या बाजूलाही प्लॉट दाखवण्यात आले, परंतु या वयात शहराबाहेर राहण्याची तयारी नाही.

हयातीचा दाखला आता घरबसल्या देता येतो, त्यामुळे पेन्शनची काळजी नाही. विचारायचे आहे ते इतकेच: विद्यार्थी भाडेकरू ठेवलेल्या ज्येष्ठांचा अनुभव काय आहे, आणि या दोन भागांपैकी पाण्याची व्यवस्था कुठे बरी आहे? काही प्रभागांना 2008 पासून चोवीस तास पाणी मिळते, पण घर नेमके त्या प्रभागात येते की नाही, हे विकणारे स्पष्ट सांगत नाहीत.

प्रतिसाद:

ताई, आम्ही टिळकवाडीतच राहतो आणि आमच्या वरच्या मजल्यावर कायम विद्यार्थी असतात. मुले वाईट नसतात. मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांना देऊ नका. पदव्युत्तर शिकणारे किंवा नोकरी करत शिकणारे ठेवा, कारण ते सुट्टीतही पुष्कळदा इथेच असतात. करार अकरा महिन्यांचा करा, पालकांशी स्वतः बोला आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या. पाण्याचे म्हणाल तर विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या दोन घरी विचारा आणि घरातली टाकी किती मोठी आहे ते पाहा; मोठी टाकी बांधलेली असेल तर उत्तर मिळालेच.

जुन्या बैठ्या घराची पश्चिमेकडची भिंत श्रावणात बघावी. इथल्या पावसात ती आतून ओलावते आणि गुडघेदुखीच्या माणसाला तो गारठा सोसत नाही. म्हणून माझे मत असे की आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. घर घेताना ई-खाता (महापालिकेकडील मालमत्ता-नोंदीचा डिजिटल उतारा) आणि बोजा नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय विसार देऊ नका; कागद कन्नडमध्ये असतात, तेव्हा वकील आपला लावा, विकणाऱ्याचा नको. खरेदीखताचे नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले आहे, तेही हिशेबात धरा. गाडी एमएच पासिंगची असेल तर 12 महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवल्यास कर्नाटकाची नोंदणी करावी लागते.

धागाकर्तीचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. भिंतीचा मुद्दा यजमानांना लगेच पटला. पावसाळ्यापुरते तळमजल्याचे, दोन पायऱ्यांहून जास्त चढ नसलेले भाड्याचे घर टिळकवाडीत कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. डिपॉझिट साधारण किती महिन्यांचे मागतात, तेही सांगावे.