राजगडावर कुत्रा नेला म्हणून बोलणी खाल्ली. न्यायचाच नाही का?

भटकभवानी
गेल्या रविवारी खंड्याला घेऊन राजगडला गेले होते. खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, चार वर्षांचा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. पहाटे गुंजवण्यातून निघालो. चोर दरवाजाच्या आधी जो कातळाचा टप्पा लागतो तिथे त्याला छातीपट्ट्याला धरून वर घेतलं आणि साडेनऊला पद्मावती माचीवर होतो. वाटेत कुणावर भुंकला नाही की कुणाच्या अंगावर गेला नाही. तळ्याच्या काठी (काठी! पाण्यात नव्हे) बसून त्याला वाटीतून पाणी पाजत होते, तेवढ्यात एक घोळका आला. त्यातले एक काका म्हणाले, "ताई, हा महाराजांचा गड आहे, तुमच्या सोसायटीची बाग नाही." मी म्हटलं, काका, तुमच्या डब्यातल्या पोळ्या खात तीन कुत्री बसलीत की! तर म्हणे, "ती गडावरची आहेत."

म्हणजे गडावरची मोकाट चालतात आणि माझा बांधलेला, लसी टोचलेला चालत नाही. हे गणित मला काही केल्या सुटेना. माझं मत सरळ आहे : न्यावा. दोरी सोडू नये, शी उचलावी, पाणी आपलं न्यावं. एवढं केलं की कुणी बोलायचं कारण नाही. पटत नसेल तर जरूर भांडा, पण कारण सांगा. "महाराजांचा गड" हे कारण नाही.

शंकासूर
आता रायगडावरचा वाघ्या येणार या धाग्यावर. मी फरसाण घेऊन बसलोय.

भटकभवानी
वाघ्यावर एक शब्द नको. त्याची समाधी, तो खरा की दंतकथा, पुतळा ठेवायचा की काढायचा, यावर वेगळा धागा काढा आणि तिकडे एकमेकांची डोकी फोडा.

गडवाट_रविवार
मी कारण देतो. आमचा पाच-सहा जणांचा गट गडांवरची पाण्याची टाकी साफ करतो. गेल्या उन्हाळ्यात एका गडावर (नाव सांगत नाही, गर्दी वाढेल) एका टाक्यातला गाळ तीन रविवार उपसला. घमेल्यांनी, हातोहात. गडावर फेब्रुवारीनंतर प्यायला तेवढं एकच पाणी. पावसाळ्यानंतर टाकं काठोकाठ भरलं म्हणून बघायला गेलो, तर त्यात एक लॅब्रेडॉर डुंबत होता आणि मालक व्हिडिओ काढत होते. वर मलाच म्हणाले, "किती खूश आहे बघा."

तुमची वाटी मला मान्य आहे, ताई. पण तुम्ही फोटो टाकणार. तो बघून जे वीस जण निघतील त्यांच्यातले वाटी नेणारे दोन. माझं भांडण खंड्याशी नाही, त्या अठरांशी आहे.

भटकभवानी
मग त्या अठरांना बोला ना! त्याच टाक्यात माणसं पाय धुतात, शाम्पू लावून आंघोळी करतात. त्यांना बंदी घालणार का?

गडवाट_रविवार
माझ्या हातात असतं तर कालच घातली असती.

पांढरा_कोट
मी पशुवैद्य आहे. गडाचं पावित्र्य वगैरे तुम्ही बघून घ्या. माझ्या टेबलावर सोमवारी सकाळी काय येतं ते सांगतो.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांना येतो थोडासा, बाकी सगळी गरमी जीभ बाहेर काढून धापेवाटे टाकायची. आपला कातळ काळा. मार्चमध्ये अकरा वाजता त्यावर तळहात ठेवून बघा, पाच सेकंद टेकवत नाही. त्यावरून तो अनवाणी चालतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात, आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर तुम्ही काय करणार? पोटाला, जांघेत, पंजांना साधं पाणी लावत सावलीत बसणार. ते करायलाच हवं. पण पंचवीस किलोचा कुत्रा खाली कोण उतरवणार, हे निघायच्या आधी ठरवलेलं असतं का? पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गड दाखवायचाच असेल तर फोटोत दाखवा.

पावसाळ्यात ऊन नसतं, पण गोचीड असते. गडावरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या बुडाशी बोटांनी चाचपायचं. तीन आठवड्यांनी कुत्रा मलूल पडला, हिरड्या पांढऱ्या दिसायला लागल्या की मग लोक येतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (जिवाणूंचा आजार) होतो, त्याची लस वेगळी विचारून घ्या. शिवाय कुत्रा दिसेल त्या सांदीत नाक घालतो आणि फुरसं (विषारी साप) बरोबर दगडाखाली बसलेलं असतं.

आणि हो, त्याला कांदाभजी देऊ नका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिठल्यातला कांदाही कांदाच.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुत्रा "दमलो" म्हणत नाही. तुम्ही चालताय तोवर तो पडेपर्यंत चालतो. लोक त्यालाच हौस समजतात.

भटकभवानी
डॉक्टर, म्हणजे नेऊ नको?

पांढरा_कोट
मी तसं म्हटलं का? डिसेंबर-जानेवारीत, पहाटे, तब्येतीने ठणठणीत गावठी कुत्रा खुशाल न्या. माझी कुत्रीही येते. पण तिकोन्यापेक्षा अवघड गडावर नेत नाही मी तिला. राजगडचा बालेकिल्ला तर नाहीच, तिथे कड्याला आग्या मोहोळं असतात. मधमाश्या उठल्या तर माणूस निदान चादर पांघरून पडून राहतो.

टिटवी
सगळे गडांवरच अडकलेत म्हणून लिहिते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे अभयारण्यात येतात. भीमाशंकरही. नाक्यावर पावती फाडताना कुणी अडवलं नाही म्हणून ती जागा मोकळं मैदान होत नाही.

आता बिबट्याचं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण वजनात ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि एकूण वजनातली ३९ टक्के नुसती कुत्री. म्हणजे तंबूबाहेर खुंटाला बांधलेला तुमचा खंड्या तिथल्या बिबट्यासाठी वाढलेलं ताट आहे. उद्या त्याला उचलला की "बिबट्याची दहशत" म्हणून बातमी आणि पिंजरा लावा म्हणून अर्ज. किंमत कोण मोजतं? बिबट्या.

उलटी बाजूही आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले. त्यांतल्या काहींत डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. माझी नावबहीण तर सड्यावर उघड्या जमिनीत अंडी घालते. चार दगड, मध्ये चार अंडी. तुम्हालाच दिसत नाहीत, कुत्र्याला काय दिसणार?

भटकभवानी
पण ही सगळी मोकाट कुत्र्यांची उदाहरणं झाली. डिस्टेंपरची लस खंड्याला दर वर्षी असते आणि दोरी असली तर तो अंड्यांवर जातोच कसा?

टिटवी
लसीचा मुद्दा मान्य. दोरीचा निम्माच मान्य. कुत्रा जिथून गेला तिथे वास राहतो आणि भेकर तो वाट सोडून जातं. तुम्ही भेकर पाहिलं नाही म्हणून तिथे भेकर नव्हतं असं नाही. अभयारण्यात नको, बाकी तुमची मर्जी. वेळासला कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर सोडलात मात्र तर मी स्वतः भांडायला येईन. घरटी उकरणाऱ्यांत कुत्री वरच्या नंबरावर आहेत.

दूरदेशी_मावळा
इथे कॅलिफोर्नियात कुत्र्यांना कसा मान आहे! लोक गाडीत घालून डोंगरात घेऊन जातात. आपल्याकडे मात्र काका लोक...

गडवाट_रविवार
दादा, योसेमिटीच्या पायवाटांवर चालतात का कुत्रे?

दूरदेशी_मावळा
...नाही. डांबरी वाटांवर आणि तळाच्या वस्तीत चालतात, तेही सहा फुटांच्या दोरीने. यलोस्टोनमध्ये पायवाटांवर अजिबात नाही. राष्ट्रीय उद्यानं सोडून बाकी डोंगरात नेतो आम्ही. बरं, मुद्दा तुमच्या बाजूने गेला, ठाऊक आहे.

शंकासूर
फरसाण संपलं.

घेऱ्यातला
आम्ही राजगडाच्या पायथ्याचे. घरी जेवण करून देतो येणाऱ्यांना. सगळं वाचलं. एक-दोन गोष्टी सांगतो.

दोन वर्षांमागं एक जोडपं आलं होतं, मोठा केसाळ कुत्रा घेऊन. दोरी होती, पण हातात नव्हती, गळ्यात लोंबत होती. चुलत्याच्या शेळीमागं लागला. शेळी शेताचा बांध उतरताना पडली, पाय मोडला. गाभण होती. त्यांनी पाचशेची नोट काढली आन् म्हणाले, "तो फक्त खेळत होता." पाचशेत शेळीचा कान येत नाही. तवापासून आमच्याकडं शहरातला कुत्रा दिसला की म्हातारी माणसं आधी काठी शोधतात. काका बोलले ते कशापायी ते ठाऊक नाही, पण आमचा राग त्यापायी असतो. ताईंसारखं धरून ठेवलं तर आमचं काही म्हणणं नाही. आई भाकरीसुद्धा घालते.

दुसरं. ते "गडावरची कुत्री" म्हणतात ना सगळे, ती काय गडावर उगवत नाहीत. आमची आहेत. वाडीतली. सकाळी ट्रेकवाल्यांमागं वर जातात, दिवसभर पोळ्या-बिस्किटं खातात, सांजेला घरी येतात. मागल्या थंडीत एका ग्रुपनं आमच्या टिप्याला पार संजीवनी माचीकडनं तोरण्याला नेला, फोटो काढले, वेल्ह्यात बस धरली आन् गेले. टिप्या तिकडंच. तिसऱ्या दिवशी आला, पंजे सोललेले. त्यांच्या फोटोखाली म्हणे लिहिलं होतं, "आमचा वाटाड्या". तुम्ही आपला कुत्रा आणायचा का नाही यावर इतकं भांडताय. आमचा नेताना कुणी विचारत नाही.

गडवाट_रविवार
दादा, खरं सांगतो, इतकी वर्षं गडावर येतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याही मागे येतात. आम्ही खाऊ घालतो आणि उतरताना मागे वळून बघत नाही.

भटकभवानी
घेऱ्यातले दादा, शेळीचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी जानेवारीत येईन, पाली दरवाजाने, आणि आधी वाडीत विचारून. बालेकिल्ल्याला खंड्या नाही. भीमाशंकर तर यादीतूनच काढलं (टिटवी, जिंकलीस). पण न्यायचा हे मत कायम आहे.

एक विचारायचं होतं. त्या काकांच्या डब्याशी एक काळा होता, उजवा कान फाटलेला. खंड्याशी पाच मिनिटं गुरगुरला आणि मग खाली चोर दरवाजापर्यंत आमच्या पुढे पुढे आला. तोच का टिप्या?

घेऱ्यातला
तोच. बिस्किट देऊ नका, खरूज आहे त्याला. भाकरी आणा.