हिवाळ्यात घरी केलेली सुपं: या, लिहा

शेंदूरवेल
काल माळा आवरताना आईचं पितळी पुरणयंत्र सापडलं. दांडा वाकलाय, जाळ्या मात्र शाबूत. ८०च्या दशकात आमच्याकडे मिक्सर नव्हता. थंडीत आई टोमॅटो, गाजर, लाल भोपळ्याची फोड आणि मूठभर मुगाची डाळ कुकरला लावायची आणि सगळं पुरणयंत्रातून काढायची. सालं, बिया वर, खाली दाट गर. वरून तुपात जिरं नि भरडलेले मिरे. घट्टपणा डाळीचा, कॉर्नफ्लॉवर घरात कधी आलंच नाही. बाबा दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री यायचे, त्यांच्यासाठी पातेलं स्टोवर परत चढायचं. वासाने आम्हीही उठायचो.
आता हँडब्लेंडर आहे, झटक्यात होतं. पण इतकं गुळगुळीत की काही खाल्लंय असं वाटतच नाही. तुमच्याकडे काय करता? कृतीच हवी असं नाही. आठवणी, फजिती, काहीही चालेल.

मिरपूड
पुरणयंत्र!! आमच्याकडे ते फक्त होळीला खाली उतरायचं.
मी सूप गाळत नाही. चोथा फेकायचा तर भाजी आणायची कशाला? अपवाद टोमॅटो, बी दातात अडकते.

निफाडकर
आमच्याकडे पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि त्यांचे फोटो काढायला टीव्हीवाले हजर. असो.
आमच्या धाकट्या बंधूंनी उकळता भोपळा थेट मिक्सरला घातला, भांडं काठोकाठ. बटण दाबलं आणि झाकण उडालं, सूप थेट पंख्यावर. नशीब, चेहरा लांब होता. गरम पदार्थ फिरला की एकदम वाफ होते, तिला जायला जागा लागते. कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा, झाकणावर जाड फडका दाबून धरा. पंखा अजून पिवळा आहे.

चिंगी
पंखा 😂😂😂

सातारी कंदी
भाज्यांचं वगैरे नंतर बघू. थंडीत खरं पेय हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून गूळ-सुंठ घालून शिजवायचं. शेतावर जायच्या आधी आजोबा वाटीभर प्यायचे. त्यात भाजी नाही हे मान्य, पण धागा थंडीचा आहे ना?

ओवी
@शेंदूरवेल, पितळेत टोमॅटो? आत कल्हई होती ना? नसेल तर आंबट घालू नका त्यात.

शेंदूरवेल
होती हो. गल्लीत कल्हईवाला आला की आई सगळं सोडून भांडी काढायला धावायची. आता उडालीय बरीचशी, त्यामुळे सध्या फक्त बघायलाच.

मुक्काम म्युनिक
इथे बाजारात सुपाची जुडीच बांधून मिळते: गाजर, लीक, सेलरीचा गड्डा, थोडी पार्सली. नाव झुप्पेनग्र्यून. थंडी सुरू झाली की होकायडो नावाचा छोटा केशरी भोपळा येतो, त्याची साल शिजून मऊ होते, सोलायची गरजच नाही. पहिल्या वर्षी घरमालकीणबाईंनी त्याचं सूप दिलं, वर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल. मी गुपचूप खोलीत नेऊन लसणाची फोडणी दिली. आता त्याच बाई फोडणीचं मागतात.

वऱ्हाडी ठेचा
सूप काय पिता बाप्पा! ओल्या तुरीचे सोले, लसूण, हिरवी मिरची वाटा न् झणझणीत आमटी करा. संग भाकर. नाकातून पाणी आलं पाहिजे.

अबोली
उशिरा लिहितेय. गेल्या दिवाळीनंतर आईला पक्षाघात झाला, गिळताना ठसका लागायचा. मला वाटायचं पातळ दिलं की सोपं जाईल. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की तिच्यासाठी उलटं आहे, पाण्यासारखं पातळ पटकन श्वासनलिकेत जाऊ शकतं. किती दाट हवं ते त्यांनी तपासून ठरवून दिलं. मग दुधी, गाजर, मूगडाळ, थोडा बटाटा, एकही गुठळी नको म्हणून वाटून परत चाळणीतून. ताठ बसवून, छोट्या चमच्याने, एक घोट पूर्ण गिळला की मगच दुसरा. वाटीला पाऊण तास लागायचा. मीठ कमी असलं की ती डोळ्यांनीच सांगायची. आता मऊ भात खाते. मला मात्र दुधीचा वाससुद्धा नको झालाय.

मिरपूड
अबोली, किती केलंस ग. आईंना नमस्कार सांग.

चकलीचा सोऱ्या
अबोली 🙏 माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. तुझं जेवण कोण बघायचं तेव्हा?

अबोली
शेजारच्या काकू. डबा दारात ठेवून बेल वाजवून पळायच्या, म्हणजे मी "नको" म्हणायला नको.

दादूस
दुधीवरून आठवलं. कापला की आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा दुधी फेका. साखर, मसाला घालून खपवायचा नाही. त्यातल्या कुकुर्बिटासिनने जोरदार उलट्या-जुलाब होतात, कडू रस प्यायल्याने माणसं दगावलीसुद्धा आहेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीनेही तो पिऊ नका असंच सांगितलंय.

नाचणी सत्त्व
वडिलांनी "हेल्दी" म्हणून रोज पालकाचं सूप सुरू केलं. ते वॉरफरिनवर आहेत, म्हणजे रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर. पुढच्या तपासणीत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय खाताय? पालकात के जीवनसत्त्व भरपूर, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो. पालक बंद नाही केला, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा म्हणाले, एकदम भांडंभर नको. बाबा आता वाटी मोजून घेतात आणि प्रत्येक पाहुण्याला आयएनआर समजावतात.

खारी बिस्कीट
पालक हिरवा कसा ठेवता? माझ्याकडे शेवाळी होतो.

ओवी
उकळत्या पाण्यात मिनिटभर, झाकण न ठेवता, मग लगेच गार पाण्यात. लिंबू पातेल्यात पिळू नका, आंबटाने रंग जातो. वाटीत घेतल्यावर पिळा, तेवढंच सी जीवनसत्त्वही वाचतं. आणि गाजर-भोपळ्याला चमचाभर तूप हवंच, त्यातलं कॅरोटीन स्निग्धाबरोबर नीट शोषलं जातं. "बिनतेलाचं डाएट सूप" म्हणजे मला अर्धवट काम वाटतं.

चकलीचा सोऱ्या
आमच्याकडे सूप प्यायल्यावर नवरोबा रिकामी वाटी खाली ठेवून विचारतात, "बरं, आता जेवायला काय?"

निफाडकर
बरोबरच आहे त्यांचं.

चिंगी
बीटाचं सूप प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरू नका, एवढंच सांगते 🙈 आमचे काका लघवी लाल म्हणून थेट दवाखान्यात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "काल बीट खाल्लंत?"

सातारी कंदी
शेवग्याच्या शेंगांचं कोणी करत नाही का? पण मिक्सरला लावू नका, दोरे पात्याला गुंडाळतात. उकडून हाताने कुस्करा आणि चाळणीवर घासा.

खारी बिस्कीट
लग्नातलं ते लालभडक टोमॅटो सूप आणि वर ब्रेडचे तळलेले तुकडे कोणाला आवडतात? मला फार. तुकड्यांसाठी दोनदा रांगेत.

दादूस
+१, सूप टाकून तुकडे खाणारा.

मुक्काम म्युनिक
जास्त झालेलं फ्रीझ करता का? मी मलई न घालता ठेवतो, नाहीतर वितळल्यावर फुटतं.

मिरपूड
आमच्याकडे उरतच नाही. अवांतर: मटार स्वस्त झालेत, सालं फेकू नका. धुऊन, उकडून वाटा, सूप गोडसर होतं. हे मात्र गाळावंच लागतं, मीसुद्धा गाळते.

वऱ्हाडी ठेचा
सालीचा आतला पापुद्रा काढता का मग?

मिरपूड
गाळणार असाल तर नाही. सालींची भाजी करायची असेल तर काढा, आणि हे काम मुलांना लावा, तासभर घर शांत.