डबीतला कापूर न वितळता उडतो, आरतीतला मात्र वितळलेला दिसतो, असे का?

प्रश्न (पालक, कोथरूड)

माझ्या मुलीला शाळेत संप्लवन नुकतेच शिकवले आहे. कापूर, डांबरगोळी, आयोडीन आणि नवसागर हे पदार्थ द्रवरूप न घेता थेट वायुरूपात जातात, असे तिने वहीत लिहून आणले आहे. देवघरातल्या डबीतला कापूर दिवसेंदिवस लहान होत जातो आणि डबीच्या तळाशी ओलाव्याचा मागमूसही नसतो, त्यामुळे तिला ते पटलेही होते. परंतु आरतीच्या वेळी जळत्या वडीच्या बुडाशी तिला स्वच्छ द्रव दिसला. कापूर वितळतच नसेल तर तो द्रव कसला, असे ती विचारते. डबीत लवंग किंवा मिरी ठेवण्याच्या पद्धतीचा काही उपयोग होतो का, हेही कृपया सांगावे.

उत्तर (रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ)

आपल्या मुलीने पाहिले ते बरोबर आहे. वहीतले वाक्य अपुरे आहे. कापूर वितळतो, आणि त्याचा द्रवणांक १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. ज्योतीजवळ तेवढे तापमान सहज गाठले जाते, म्हणून तिथे द्रव दिसतो. डबीतला कापूर मात्र द्रवणांकाच्या जवळपासही जात नाही, तरीही तो उडतो, आणि खरे समजून घेण्यासारखे आहे ते इथेच.

स्थायूतल्या सगळ्या रेणूंची ऊर्जा सारखी नसते. पृष्ठभागावरच्या ज्या रेणूंना शेजाऱ्यांची पकड सोडवण्याइतकी ऊर्जा मिळते, ते एकेक करून थेट हवेत निघून जातात. कापराच्या रेणूंमधले आकर्षण दुबळे असल्यामुळे साध्या तापमानालाही हे घडत राहते. त्या वेळी त्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. परंतु उघड्यावर वाफ साचून राहत नाही, त्यामुळे वडी झिजतच जाते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हा वेग वाढतो, कारण तापमानाबरोबर बाष्पदाब झपाट्याने चढतो. बंद डबीत मात्र आतली हवा कापराच्या वाफेने संपृक्त झाली की जेवढे रेणू सुटतात तेवढेच परत येऊन चिकटतात आणि घट थांबते. म्हणून लवंग घाला किंवा घालू नका, झाकण घट्ट बसले पाहिजे.

कोरड्या बर्फाची, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायॉक्साइडची, गोष्ट याहून निराळी आहे. स्थायू, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्था ज्या एकाच तापमानाला व दाबाला एकत्र नांदतात, त्याला त्रिकबिंदू म्हणतात. कार्बन डायॉक्साइडचा त्रिकबिंदू उणे ५६.६ अंशांवर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे पाचपट दाबावर आहे. त्याहून कमी दाबाला त्याचा द्रव टिकूच शकत नाही, म्हणून आपल्या वातावरणात तो उणे ७८.५ अंशांना सरळ वायू होतो. थोडक्यात, कापूर न वितळता उडू शकतो, तर कोरड्या बर्फाला उघड्या हवेत वितळण्याची मुभाच नाही.

उत्तर (विज्ञान शिक्षिका, कर्वेनगर)

वरील विवेचनाला जोडून दोन गोष्टी लिहिते. आयोडीनही ११३.७ अंशांना वितळते. सावकाश तापवल्यास द्रव दिसण्याआधीच जांभळी वाफ भरपूर निघते, म्हणून ते वितळत नाही असा समज रुजला आहे. नवसागराला या यादीत ठेवणे मला पटत नाही. तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत विघटन होते आणि थंड जागी ते पुन्हा संयोग पावून पांढरी पूड बनते. पदार्थ तोच राहून केवळ अवस्था बदलते असे इथे होत नाही, आणि मुलांना हा फरक स्पष्ट सांगायला हवा.

उत्तर (औषधनिर्मिती क्षेत्रातील वाचक, हडपसर)

पाण्याच्या बाबतीत हाच त्रिकबिंदू आमच्या क्षेत्रात रोज उपयोगी पडतो. बर्फाचे थेट बाष्प करायचे असेल, तर पाण्याच्या वाफेचा दाब ६११ पास्कलच्या खाली ठेवावा लागतो. हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. गोवराची लस अशीच गोठवून निर्वात कक्षात सुकवतात. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लसही कोरड्या रूपातच येते आणि टोचण्यापूर्वी तिच्यात द्रावक मिसळतात. गोठवलेल्या लसीला या वेळी हळूहळू उष्णता द्यावी लागते, कारण बर्फ वितळायला किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल पुरतात, तर त्याचे थेट बाष्प व्हायला सुमारे २,८०० किलोज्यूल लागतात. उष्णता जास्त झाली तर आतला बर्फ वितळतो आणि सच्छिद्र रचना कोसळते.

प्रश्नकर्ते पालक

मनःपूर्वक आभार. हे घरी करून दाखवता येईल का?

उत्तर (विज्ञान शिक्षिका, कर्वेनगर)

अवश्य येईल, परंतु कापूर ज्वालाग्राही असल्याने थेट गॅसवर तापवू नका. लहान वाटीत कापराचा चुरा घ्या, ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि वर थंड पाण्याने भरलेली ताटली झाका. काही वेळाने ताटलीच्या खालच्या बाजूला पांढरे स्फटिक धरतील. डांबरगोळीवर हा प्रयोग करू नका, तिची वाफ आरोग्याला घातक असते. कोरडा बर्फ कधी हाती आलाच, तर तो बंद बाटलीत भरू नका. एका किलोपासून पाचशे लिटरांहून अधिक वायू तयार होतो आणि बाटली फुटते.