सिस्टिम कॉलचा नंबर टर्मिनलवरच कसा बघायचा?

टिळकवाडीकर: उबुंटूवर असेंब्ली शिकायलोय, दरवेळी राइट, ओपनॅट असल्या सिस्टिम कॉलचा (प्रोग्राम कर्नलकडं काम मागतोय ती हाक) नंबर बघायला ब्राउजर उघडावा लागतोय आणि आमच्याकडं संध्याकाळी नेट लई स्लो, कमांडनं कळंल काय?

निपाणीचा पेंग्विन: ऑडिटडी पॅकेज घाल की, त्यात ए-यू-सिसकॉल कमांड येतीय. पुढं ओपनॅट दिलास की २५७, उलटं ५९ दिलास की एक्झेक-व्हीई. नुसतं ओपन टाकलास तर ओपन असलेली सगळी नावं येतात, एकच पायजे तर डॅश डॅश एक्झॅक्ट लाव. डॅश डॅश डंप दिलास की अख्खी यादी, ती ग्रेपमधनं (शब्द शोधायची कमांड) काढ, नेट लागत न्हाई.

खानापूरहून: वरचं बरोबर हाय, पण भावा, हे नंबर एक्स८६-६४ चे (६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसर), प्रोसेसर बदलला की नंबर बदलतात. राइट इथं १, जुन्या ३२ बिट इंटेलवर ४ आणि ६४ बिट एआरएमवर ६४, म्हणून ६४ बिट रास्पबेरी पायवर (एआरएमचा छोटा कॉम्प्युटर) तोच कोड टाकू नकोस, तिथं नंबर आरएएक्स रजिस्टरमध्ये न्हाई, एक्स८ रजिस्टरमध्ये ठेवायचा असतोय.

टिळकवाडीकर: चाललं बघा! एक्झिट ६० आलं. पायवर पण बघतो आता.

खानापूरहून: तिथं ९३ येईल.